शिंगराच्या अंगावर जन्मतःच गाठ? या चुका टाळा

अकरा महिने घोडी सांभाळायची, शेवटी शेवटी रात्र रात्र जागायचं, आणि शिंगरू बाहेर आल्यावर टॉर्च मारून बघतो तर कपाळावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी. आम्हाला वाटलं वारेचा तुकडा चिकटलाय, फडक्याने पुसायला गेलो तर ते कातडीतूनच आलेलं, लिंबाएवढं. मग जे जे करू नये ते सगळं करून बसलो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्ही सगळे त्या गाठीभोवतीच जमलो. फोटो काढ, याला पाठव, त्याला विचार, आणि शिंगरू अजून प्यायलंच नाही इकडे कुणाचं लक्षच नाही! अहो गाठ दहा दिवसांनी पण तिथेच असते, चिकाची वेळ गेली की गेली. पोटात असताना शिंगराला आईकडून अँटीबॉडीज जवळपास मिळतच नाहीत, जे काय आहे ते चिकातून, आणि त्याचं आतडं ते शोषतं फक्त पहिले 18 ते 24 तास, त्यातही सुरुवातीचे तास खरे. तासाभरात उभं, दोन तासांत आचळाला, तीन तासांत घोडीची वार पडलेली, हा हिशोब आधी बघा. गाठ ओठावर नाहीतर नाकपुडीवर असेल आणि पिता येत नसेल किंवा श्वास अडत असेल तर मात्र लगेच डॉक्टर.

मग शेपटीचा केस. माणसाच्या चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, मग घोड्याला का नको, असं म्हणत आमच्या मोतद्दाराने (घोडे सांभाळणाऱ्या गड्याने) आईच्याच शेपटीचा केस उपटून करकचून बांधला. हसू नका. तिसऱ्या दिवशी बुडाशी ओलं झालेलं, वास आणि माशा. घोडा धनुर्वाताच्या बाबतीत फार नाजूक, आणि व्यायच्या 4-6 आठवडे आधी घोडीला द्यायचा धनुर्वाताचा बूस्टर आम्ही चुकवलेला, म्हणजे चिकातून मिळणारं संरक्षणही कमीच. चुना-सोडा लावणारेही याच रांगेत.

आणि प्रत्येक गाठ म्हणजे चामखीळ नाही हो. बेंबीपाशी मऊ फुगवटा असेल, बोटाने आत जात असेल तर हर्निया असू शकतो. गरम, दुखरी, ओली बेंबी म्हणजे इन्फेक्शन, ते सांध्यात उतरू शकतं, तिथे थांबायचंच नाही. काळसर-लाल, चटकन रक्त येणारी गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते, तिला सुई टोचायची हौस नको. कानाच्या बुडाशी सतत चिकट पाणी येत असेल तर गळू समजून फोडत बसू नका, कधीकधी आत एक पिशवी आणि तिच्यात चक्क दात असतो! ती पिशवी सगळी काढल्याशिवाय पाणी थांबत नाही.

साधी चामखीळ विषाणूची, ती काही महिन्यांच्या शिंगरांना नाकातोंडाभोवती येते आणि बहुतेकदा आपोआप जाते. जन्मतःच असलेली वेगळी, ती जाईल म्हणून वर्षभर वाट बघण्यापेक्षा नीट कापून काढलेली बरी, सहसा परत येत नाही. पण कापलेला तुकडा उकिरड्यावर फेकू नका, फ्रीझरमध्ये पण नको, 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट, आणि तपासणीला. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, सगळीकडे व्हेटर्नरी कॉलेजं आहेत, कुठे पाठवायचं ते डॉक्टरांना विचारा.

घोडीला, नराला नाहीतर ग्रहणाला दोष देणं, हे आमच्या घरी आठवडाभर चाललं. जन्मजात म्हणजे आनुवंशिकच असं काही नसतं.

आमची गाठ तिसऱ्या आठवड्यात काढली, रिपोर्टला पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारखी निरुपद्रवीच निघाली. जखमेवर पांढरे केस आले. आता सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फिरणारे लोक घरी येतात तेव्हा अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, देवमण म्हणजे गळ्याचा शुभ भोवरा शोधतात, आणि विचारतात, टिळा जन्माचाच ना?