ग्रिलवरची टर्की, सपाट करून
मी टर्की अख्खी कधीच भाजत नाही. मांड्या शिजेपर्यंत छातीचं लाकूड होतं. मजबूत कात्रीने पाठीचा कणा काढायचा, मग छाती वर करून तळहाताने दाबायची. कट्कन आवाज आला की झाली सपाट. गोठलेली असेल तर त्याआधी फ्रिजमध्ये वितळायला दर २ किलोंना एक दिवस धरा. आदल्या रात्री मीठ चोळून न झाकता फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे कातडी कुरकुरीत होते.

कोळसे एका बाजूला, टर्की दुसऱ्या, झाकण बंद. आत साधारण १७५ अंश सेल्सिअस हवं. सफरचंदाच्या लाकडाचे दोन तुकडे धुराला पुरे. झाकण उचलून डोकावणाऱ्यांना कांदे चिरायला बसवा! छाती आणि मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा. ७४ अंश दिसले की उतरवा, वीसेक मिनिटांनी कापा.