अटलांटिकचा सांधा: अमेरिकन घराण्यांच्या वंशावळी तपासताना

वंशावळीच्या कामासाठी येणारं अमेरिकन गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने येत नाही. आजीने जपून ठेवलेलं जाडजूड पुस्तक त्याच्या हातात असतं. सोनेरी अक्षरं, पहिल्या पानावर रंगीत कुलचिन्ह, आणि आत घराणं कुठल्यातरी इंग्रज सरदारापर्यंत, जमलंच तर थेट शार्लमेन बादशहापर्यंत नेऊन भिडवलेलं. तुम्ही त्यावर फक्त शिक्का मारावा एवढीच त्याची अपेक्षा असते.

मी हे काम मॅसॅच्युसेट्समध्ये करते. ग्रंथालयशास्त्र पुण्यात शिकले, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, गावच्या लायब्ररीतल्या स्थानिक इतिहासाच्या खोलीत आधी फुकट राबले आणि मग हळूहळू पैसे मिळू लागले. इकडे नव्याने आलेली किंवा भारतात बसून हे काम करू पाहणारी मराठी मंडळी अधूनमधून विचारतात की सुरुवात कुठून करायची. तुमचा पहिला गोंधळ बहुधा वसाहतकाळातच होणार, म्हणून तिथूनच सांगते.

वसाहतकाळ म्हणजे ढोबळमानाने १६०७ ची जेम्सटाउनची वस्ती ते १७७६. इथल्या प्रत्येक घराण्याचा एक मूळपुरुष असतो, समुद्र ओलांडून आलेला पहिला माणूस. तो आल्यानंतरचे कागद न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सकडच्या ईशान्य भागात, बऱ्यापैकी मिळतात: गावसभेच्या वह्या, जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, चर्चमधल्या नोंदी. पलीकडे इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची असा हुकूम होता. दोन्हीकडे कागद आहेत, मधे मात्र समुद्र आहे. पासपोर्ट नव्हते, प्रवाशांच्या याद्या तुटपुंज्या. १६२० ते १६४० च्या दरम्यान सुमारे वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडात आले, पण त्यांतल्या फार थोड्यांचं मूळ गाव इथल्या कागदात सरळ लिहिलेलं सापडतं. नळ गळतो तो सांध्यातच. म्हणून मी कुठल्याही वंशावळीत आधी तो सांधा उघडून बघते. बाकीची दोनशे पानं नंतर.

पुस्तक चांगलं की वाईट असा सरसकट निकाल देऊ नका, असं मी पुन्हापुन्हा का सांगते ते गुस्ताव्ह आंजूच्या उदाहरणावरून कळेल. हा गृहस्थ मूळचा स्वीडिश. बनावट कागदांबद्दल तिकडे शिक्षा भोगून अमेरिकेत आला, न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर राहिला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत घराण्यांना वंशावळी करून विकू लागला. एकेका वंशावळीचे हजारो डॉलर घेई. १९४२ मध्ये तो वारला, पण त्याच्या वंशावळी ग्रंथालयांत जाऊन बसल्या, तिथून दुसऱ्या पुस्तकांत आणि आता इंटरनेटवरच्या झाडांत, म्हणजे वंशवृक्षांत. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन या संशोधकाने १९९१ मध्ये आंजूच्या कामाची चिरफाड केली आणि त्याची खूण पटवून दिली. आंजू जे दस्तऐवज देतो त्यांतले बहुतेक खरे असतात. मृत्युपत्र खरोखर त्या कचेरीत असतं आणि त्यात तो सांगतो तेच लिहिलेलं असतं. फक्त अधेमधे एखादा कागद असा येतो की ज्याचा संदर्भच दिलेला नसतो, आणि नेमका तोच कागद इकडच्या माणसाला तिकडच्या घराण्याशी जोडतो. शिवाय माणसं इंग्लंडच्या एका टोकाच्या खेड्यातून दुसऱ्या टोकाला कारण नसताना उड्या मारतात, आणि डझनावारी मूळपुरुष एकमेकांचे नातलग निघतात, जे दुसऱ्या कुठल्याही संशोधकाला कधी दिसलेलं नसतं.

नवशिका काय करतो? दहा संदर्भ तपासतो, दहाही बरोबर निघतात, की अकरावा सोडून देतो. आंजूला हे चांगलं ठाऊक होतं.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, होरेशियो गेट्स सॉमरबी लंडनमध्ये बसून बॉस्टनच्या बड्या घरांसाठी हेच करत होता. म्हणून १८५० नंतरच्या छापील वंशावळीत 'इंग्लंडमधील संशोधनानुसार' एवढंच लिहिलेलं दिसलं, तर संशोधन कोणाचं हे आधी विचारा.

लबाडी दरवेळी हौसेपोटीच होते असंही नाही, कधी तिच्यामागे जमिनीचा दावा असतो. आनेके यान्स ही बाई १६३० मध्ये न्यू नेदरलँडमध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्ककडच्या डच वसाहतीत आली. पुढे तिच्याकडे मॅनहॅटनमध्ये ६२ एकरांचं शेत होतं. ती १६६३ मध्ये वारली, वारसांनी जमीन विकली आणि फिरत फिरत ती ट्रिनिटी चर्चकडे गेली. मॅनहॅटनच्या जमिनीचे भाव चढले तसे शेकडो वारस उभे राहिले आणि कोर्टकज्जे पिढ्यान् पिढ्या चालले. याच गडबडीत आनेके ही ऑरेंजच्या विल्यमची, म्हणजे डच राजपुत्राची, नात होती आणि हॉलंडमध्ये तिच्या नावाने खजिना पडून आहे, ही कथा पसरली. प्रत्यक्षात १६२३ च्या ॲमस्टरडॅमच्या विवाहनोंदीत ती नॉर्वेतल्या फ्लेकेरॉय बेटाची असल्याचं लिहिलेलं आहे. राजघराण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. मला या प्रकरणाचा उपयोग असा होतो की कुठलीही भारदस्त वंशावळ हाती आली की ती कोणत्या साली आणि कोणाच्या फायद्यासाठी तयार झाली, हे मी आधी बघते. आपल्याकडे इनाम-वतनांच्या तंट्यांतली कागदपत्रं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

राजवाड्यांनी बखरींवर झोड उठवून अस्सल कागदाचा आग्रह धरला, ती शिस्त डोक्यात असेल तर इथलं अर्धं प्रशिक्षण झालंच म्हणा. इथली परिभाषा फक्त वेगळी. साधन मूळ आहे, नक्कल आहे की कोणीतरी रचलेलं लेखन आहे. त्यातली माहिती डोळ्यांनी पाहिलेल्याची आहे की ऐकीव. आणि तिच्यातून मिळणारा पुरावा सरळ आहे, आडून आहे की एखादी गोष्ट नसण्यातून निघणारा आहे. एलिझाबेथ शोन मिल्स यांनी संदर्भ देण्याची पद्धत शिकवताना ही विभागणी घट्ट रुजवली. एकाच कागदात दोन्ही दर्जांची माहिती असू शकते. मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख ताजी असते, त्याच दाखल्यावरचं जन्मगाव मात्र जावयाने अंदाजे सांगितलेलं असतं.

आता एक प्रकरण जवळून बघा. मेफ्लॉवर जहाजाने १६२० मध्ये १०२ प्रवासी आणले, त्यांत स्टीफन हॉपकिन्स होता. प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने प्रवाशांची यादी लिहून ठेवली आहे. तीत स्टीफनबरोबर बायको एलिझाबेथ, आधीच्या बायकोची जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही दोन मुलं, या बायकोची डॅमरिस, आणि समुद्रात जन्मला म्हणून ओशनस नाव ठेवलेला मुलगा. ही यादी सोन्यासारखी, कारण लिहिणारा त्यांच्या शेजारी राहत होता. पण गाव कोणतं हे ती सांगत नाही. जुन्या पुस्तकांत तो ग्लॉस्टरशायरचा आणि पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, असं वर्षानुवर्षं छापत आले. पुस्तकं अनेक असली तरी ती एकमेकांवरून उतरवलेली होती, म्हणजे साक्षीदार एकच.

१९९८ मध्ये कॅलेब जॉन्सनने 'द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट' या नियतकालिकात हॅम्पशायरमधल्या हर्स्ली गावच्या नोंदी मांडल्या. तिथे एका स्टीफन हॉपकिन्सच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सापडतात: एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि जाइल्स. आई मेरी १६१३ मध्ये वारली, आणि तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या कागदात याच तीन मुलांची नावं आहेत. स्टीफन हॉपकिन्स नावाची माणसं इंग्लंडात कमी नव्हती, त्यामुळे नुसतं नाव जुळून उपयोग नाही. इथे बापाचं नाव, कॉन्स्टन्स आणि जाइल्स ही एका घरात क्वचितच एकत्र येणारी जोडी, त्यांची वयं आणि पहिली बायको वारलेली असणं, हे सगळं एका गावात जमून आलं. डडलीबाईंना त्यात जागाच उरली नाही.

त्यातच एक खोच आहे. कॉन्स्टन्सचा बाप्तिस्मा ११ मे १६०६ चा. जाइल्सचा ३० जानेवारीचा, आणि रजिस्टरच्या हिशेबाने साल १६०७. घाईत वाचणारा म्हणेल, दोन भावंडांत नऊ महिनेसुद्धा नाहीत, तेव्हा नोंद तरी चुकीची किंवा घरं तरी दोन. पण इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे तो जानेवारी आपल्या हिशेबाने १६०८ चा आणि अंतर वीस महिन्यांचं. म्हणून आम्ही ते साल १६०७/८ असं लिहितो. तिरकी रेघ नसलेली जानेवारी ते मार्चमधली तारीख कोणी नक्कल करून दिली, तर मी मूळ पान मागते.

भरवशाचं काम कसं दिसतं हे बघायचं तर अँडरसनचाच 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्प उघडा. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीने, जी १८४५ पासूनची संस्था आहे, तो १९८८ मध्ये सुरू केला. प्रत्येक मूळपुरुषाच्या टिपणात मूळ गाव हा रकाना सुरुवातीलाच असतो, आणि तिथे कित्येकदा एकच शब्द असतो: 'अज्ञात'. खाली आधीच्या लेखकांचे दावे आणि ते का टिकत नाहीत तेही दिलेलं असतं. मला विचाराल तर त्या मालिकेची खरी किंमत या 'अज्ञात'मध्येच आहे. जो लेखक कधीच 'माहीत नाही' म्हणत नाही त्याच्यापासून मी चार हात लांब राहते. व्हर्कसच्या सात खंडी संकलनासारख्या, घराण्यांनी स्वतःच पाठवलेल्या माहितीवर उभ्या असलेल्या ग्रंथांकडे मी फक्त कुठे शोधायचं याचा सुगावा म्हणून बघते. गावोगावच्या जुन्या काउंटी-इतिहासांचंही तेच, कारण त्यांत चरित्र छापून यायला बऱ्याचदा वर्गणी भरावी लागे. 'तीन भाऊ बोटीने आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, तिसऱ्याचा पत्ता नाही' ही ओवी तिथे हमखास भेटते.

इंटरनेटवरची झाडं हा तर वेगळाच वैताग. एकाने चढवलेलं चारशे जणांनी उतरवून घेतलं की साइट तुम्हाला चारशे झाडांचा दुजोरा दाखवते. फॅमिलीसर्च या मॉर्मन चर्चच्या साइटवरच्या जुन्या अनुक्रमणिकेत मात्र एक भेद उपयोगी पडतो. काही नोंदी पॅरिशच्या वहीतून पद्धतशीर उतरवलेल्या आहेत, काही चर्चच्या सभासदांनी घरून पाठवलेल्या. गठ्ठ्याचा क्रमांक पाहिला की कळतं. सी किंवा एम या अक्षराने सुरू होणारे गठ्ठे बहुधा पहिल्या प्रकारचे.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनांची गोष्ट थोडी सुदैवाची आहे. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, त्यामुळे एकेका जहाजाच्या तीन-तीन याद्या मिळतात: एक कप्तानाची, दोन शपथांच्या. कप्तानाच्या यादीत जर्मन नावं कानाला जशी लागली तशी इंग्रजी वळणाने उतरतात. शपथेच्या यादीत तोच माणूस स्वतः सही करतो. स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ मध्ये या याद्या छापल्या तेव्हा एक अख्खा खंड सह्यांच्या प्रतिकृतींना दिला. जर्मनीतल्या चर्चच्या वहीशी जुळवायची ती सही. यादीत बायका-मुलं फारशी सापडत नाहीत हे लक्षात ठेवा. नाव नाही म्हणजे बाई आली नाही, असा अर्थ काढू नका.

आता कामधंद्याचं. कुठलीही पदवी सक्तीची नाही. १९६४ पासूनचं प्रमाणन मंडळ आहे, ते तुमचे अहवाल तपासून प्रमाणपत्र देतं. बॉस्टन विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे. तेवढे पैसे सुरुवातीला घालवू नका. विकीट्री या सगळ्यांनी मिळून वाढवायच्या वंशवृक्षाच्या साइटवर १७०० पूर्वीच्या माणसांना हात लावायचा तर छोटी परीक्षा द्यावी लागते, ती फुकट आहे, द्या. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी 'सेक्रेटरी' हस्ताक्षराचं वळण वाचायला शिका, त्याला पर्याय नाही. ज्यांनी मोडी गिरवली आहे त्यांना ते लवकर येतं, कारण अक्षर सुटं न बघता लेखणीची ओढ बघायची सवय असते. इथल्या सहकाऱ्यांना याचं फार अप्रूप वाटतं. आणि गिऱ्हाइकाशी करार करताना पैसे तासांचे आहेत, निष्कर्षाचे नाहीत, हे पहिल्याच ओळीत लिहा. राजा हातचा गेला की लोक बिल भरायला कुरकुरतात.

सरावासाठी जॉन ऑल्डन घ्या, तोही मेफ्लॉवरवरचाच. ब्रॅडफर्ड म्हणतो, जहाजाने जिथे शिधा भरला त्या साउथॅम्प्टनला त्याला पिंपं बांधणारा कारागीर म्हणून कामावर घेतलं. पुढे कोणीतरी त्याचा जन्मच साउथॅम्प्टनचा करून टाकला. दुसरं मत हार्विचचं, कारण जहाजाचा कप्तान क्रिस्टोफर जोन्स तिथला आणि तिथल्या ऑल्डन घराण्याशी त्याची सोयरीक होती. दोन्ही दावे वेगवेगळ्या कागदावर उतरवा. प्रत्येक वाक्यापुढे कोणी सांगितलं, किती वर्षांनी आणि त्याला ते कुठून कळलं, हे लिहा. ब्रॅडफर्डच्या वाक्यात जेवढं आहे त्याहून एक शब्द जास्त घेऊ नका. अहवाल अर्ध्या पानात संपेल आणि शेवटी 'मूळ गाव अज्ञात' येईल. तसाच पाठवा, आणि लागलेल्या तासांचं बिल सोबत जोडा.