मोरपंखी, ख्रिसमस ट्री, चीड: पावसाळी लागवडीचा सल्ला (सातारा-सांगली)

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की फार्महाउसच्या कुंपणाला आणि बंगल्याच्या दारात सूचिपर्णी झाडे लावायची घाई सुरू होते. यांतली बरीच रोपे ऑगस्टमध्येच मुळे कुजून मरतात आणि मालकाला ते कळते दिवाळीनंतर. या झाडांचे पान जाड मेणाने मढवलेले असल्याने मूळ गेले तरी कित्येक आठवडे हिरवे राहते. त्यामुळे या झाडाची तहान पानावरून ओळखू नये. खुरप्याने चार बोटे माती उकरावी, मुठीत दाबावी, गोळा झाला तर पाणी देऊ नये.

मेणाचे कारण थंडीत आहे. हिमालयात हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते, मुळांना ते ओढता येत नाही. म्हणून चीड (पाईन)-देवदाराचे पान सुईसारखे बारीक आणि पर्णरंध्रे खोलगट. चीडाची सुई भिंगाखाली धरा, रंध्रांच्या पांढुरक्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. पाणी असे जपून वापरणाऱ्या या झाडाच्या मुळांना हवा मात्र भरपूर लागते. डोंगरउताराच्या दगडगोट्यांत ती मिळते. मिरज-वाळव्याच्या काळ्या रानात पावसाळाभर मिळत नाही.

भारी जमिनीत खोल खड्डा घेऊच नका, त्याची पाण्याची विहीर होते. फूट-दीड फूट उंच गादीवाफा करून त्यावर लावा. जत-आटपाडीच्या मुरमाड रानात मात्र २ × २ × २ फुटांचा खड्डा हवाच. त्यात निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळे कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी). पिशवी फाडल्यावर मुळे तळाशी गोल फिरलेली दिसली तर ती सोडवून मोकळी करा, नाहीतर पाच-सहा वर्षांनी वाऱ्यात झाड मुळासकट कलते. खोडाची मान मातीत गाडू नका.

चीड महाबळेश्वर-जावळीच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीतच, तीही उतारावरची. चुनखडीच्या काळ्या रानात लोह मिळत नाही, सुया पिवळ्या पडतात. शिवाय चीडाची मुळे एका बुरशीच्या जोडीने अन्न घेतात, तेव्हा रोपाची माती झाडू नका. मोठ्या चीडाखालची ओंजळभर माती मिळाली तर खड्ड्यात जरूर टाका. मोरपंखी चुनखडी बरीच सोसते. नर्सरीतला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणजे अरौकेरिया, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. त्याला बर्फाची सवय नाही, आपल्या हवेत तो पाईनपेक्षा सुखात राहतो. त्याचा शेंडा कधीही छाटू नका. बाजूच्या फांदीची कलम केली तर रोप आडवेच वाढत राहते.

छाटणीतली सर्वांत महागडी चूक मोरपंखीच्या कुंपणात होते. फांदी बाजूला करून आत पाहा: बाहेर चार बोटे हिरवे, आत नुसती करडी काडी. त्या काडीवर नवी फूट देणारे डोळे उरलेले नसतात. तिथपर्यंत कापले की भोक कायमचे. दरवर्षी हिरव्यातच हलके छाटा.

मार्च-एप्रिलमध्ये आतली पाने तपकिरी, धुळकट दिसली तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे ठिपके म्हणजे लाल कोळी. आधी सकाळी जोरदार पाण्याने धुवा. गंधकाची फवारणी भर उन्हात केली तर पाने करपतात.

तासगाव-कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेचा वारा अडवण्यासाठी लावतात तो ‘सुरू’ (कॅज्युरिना) वृक्ष दिसायला पाईनसारखा असला तरी सूचिपर्णी नव्हे. त्याची ‘सुई’ ओढून पाहा, सांध्यासांध्याला तुटते. ती डहाळी असते, पान नव्हे. मुळांवरच्या गाठींतून तो हवेतला नत्रही घेतो. वाऱ्याच्या आडोशाला तोच बरा: दोन ओळी तिरपगड्या, झाडांत ४ ते ५ फूट. मोरपंखीची एकच ओळ लावून द्राक्षबाग वाचत नाही, तिची उंचीच तेवढी होत नाही.