अकरावीची यादी: २३ वरून १०

लेकीने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर २३ कॉलेजं लिहिली होती. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र पसंतिक्रम जास्तीत जास्त १०. कुणाला खोडायचं यावरून दोन दिवस रुसवेफुगवे. शेवटी प्रत्येक नावापुढे गेल्या वर्षीचा कट-ऑफ तिलाच लिहायला लावला. तिच्या ८७ टक्क्यांच्या फार वरची नावं तिने स्वतःच खोडली. दोन मी हट्टाने ठेवायला लावली, आशा का सोडायची? मग सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून माटुंग्यापर्यंत लोकलने गेलो. उतरल्यावर ओढणी सावरत म्हणाली, "बाबा, रोज नाही जमणार." मुलुंड, डोंबिवली वर सरकली. पहिला क्रमांक रात्री अकरापर्यंत घोळवला, कारण तो लागला की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकतो.