सहापैकी तीन बाजू : यथार्थदर्शनाच्या तासाला ओळखीबद्दल बोलताना

पेटी कुठूनही बघा, एका वेळी सहापैकी जास्तीत जास्त ३ बाजू दिसतात. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवणारं चित्र, शिकवता शिकवता ओळख आणि पूर्वग्रहांवर बोलायचं असेल, तर सुरुवात इथून करा. मात्र आधी चित्र, मग चर्चा. उलट केलं की मुलं घोषवाक्यांची पोस्टर्स काढतात आणि रेषा शिकायची राहून जाते.

ए-३ कागद आडवा घ्या. मधोमध क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. तिच्यावर दोन लोपबिंदू, म्हणजे पेटीच्या दूर जाणाऱ्या कडा जिथे मिळतात ते बिंदू, कागदाच्या डाव्या-उजव्या कडांपासून १ सेंमी आत. आता ८ सेंमी उंचीची पेटी तीनदा काढायची : रेषेच्या ३ सेंमी वर, रेषेवरच आणि ३ सेंमी खाली. खालच्या पेटीचं झाकण दिसतं, वरच्या पेटीचा तळ दिसतो, मधल्या पेटीचं यांतलं काहीच नाही. ‘पेटी तीच, मग बदललं काय?’ एवढं विचारा आणि थांबा. बघणाऱ्याची जागा बदलली, हे उत्तर मुलांकडूनच यायला हवं.

सर्वांत जास्त चुकतात ते लोपबिंदू. मुलं ते एकमेकांपासून १५-२० सेंमीवर आणतात आणि पेटी ताणलेली, अणकुचीदार दिसते. खालच्या पेटीचा जवळचा खालचा कोपरा तपासा : तिथला कोन ९० अंशांहून मोठाच हवा. उभ्या रेषा मात्र कुठेही कलू देऊ नका.

मग खालच्या पेटीच्या डाव्या बाजूवर लोकांनी मारलेला शिक्का, उजव्या बाजूवर स्वतःबद्दल स्वतः निवडलेला शब्द. अक्षरं सारख्या रुंदीची काढली तर ती वरून चिकटवल्यासारखी दिसतात. बाजूचे कर्ण छेदतात तिथे तिचा मध्य. तो पट्टीने मोजलेल्या मध्यापेक्षा लोपबिंदूकडे सरकलेला असतो. अर्धा शब्द त्याच्या अलीकडे, अर्धा पलीकडे.

शिक्का स्वतःवरचाच लिहायचा, वर्गातल्या दुसऱ्या कुणावरचा नाही. ‘हुशार’, ‘समजूतदार’ हेही शिक्केच. चर्चा तिथून सुरू केली तर मुलं लवकर मोकळी होतात. एखाद्या गटातला वर्गात एकटाच असलेला विद्यार्थी ‘तुमच्यात कसं असतं?’ या प्रश्नाने त्या गटाचा नमुना बनतो. हा प्रश्न शिक्षकाने विचारूच नये.

न दिसणाऱ्या बाजू तुटक रेषेने दाखवा. त्यांवर काय आहे ते विद्यार्थ्याला सांगायचं नसेल, तर कोऱ्या राहू द्या. गुण फक्त रेषांना, शब्दांना नाहीत; हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा.