जुन्या पीसीत स्पायवेअर (चोरून नजर ठेवणारा प्रोग्राम) घुसलंय आणि नेट चालत नाहीये? हे करून बघा

विंडोज 7 वाला जुना पीसी, वायफाय कनेक्टेड दिसतंय पण एकही साइट उघडत नाही, आणि त्याच राउटरवर मोबाईलला नेट मस्त चालतंय, म्हणजे लोचा पीसीतच आहे, नेटवाल्याला फोन करत बसू नका.

आधी स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) टाइप करून एंटर दाबा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत पिंग (ping 8.8.8.8) मारा, म्हणजे नेटवरच्या त्या पत्त्यावरून उत्तर येतंय का ते कळेल. रिप्लाय आला तर लाइन चालू आहे, घोळ बहुतेक डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) नाहीतर प्रॉक्सीचा (ब्राउझिंग ज्याच्यातून जातं तो मधला सर्व्हर). मग कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, लॅन सेटिंग्ज उघडा आणि प्रॉक्सी सर्व्हरची टिक काढा. तिथे 127.0.0.1 दिसलं तर तो पत्ता तुमच्याच पीसीचा, म्हणजे आत बसलेला प्रोग्राम तुमचं सगळं ब्राउझिंग स्वतःमधून नेत होता, आणि अँटीव्हायरसने तो उडवला की रस्ताच तुटतो. साफसफाईनंतर नेट जातं ते बऱ्याचदा यामुळेच!

टिक परत परत येतेय? मग बहुतेक स्पायवेअर अजून जिवंत आहे. पीसी चालू होताना एफ8 दाबून सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं तो मोड) जा, दुसऱ्या चांगल्या पीसीवरून पेनड्राइव्हवर ताजा स्कॅनर आणा आणि फुल स्कॅन मारा, वेळ लागतो पण मध्येच बंद करू नका.

तरी नाही झालं तर सीएमडी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच विनसॉक रीसेट (netsh winsock reset) ही विंडोजची नेट सेटिंग मूळ जागी आणणारी कमांड द्या, रीस्टार्ट करा.

आणि प्लीज, बँकेचे पासवर्ड मोबाईलवरून लगेच बदला, या पीसीवरून नको, कारण विंडोज 7 चे सिक्युरिटी अपडेट जानेवारी 2020 मध्येच बंद झालेत.