एल्कची शिकार: चुकलेला बार, उडालेली धांदल आणि नेमाची जबाबदारी

कोलोरॅडोच्या डोंगरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल-हंगामात जे प्रथमच एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मोठ्या हरणाच्या, मागे जातात, त्यांना बंदूक कोणती घ्यावी, काडतूस कोणते आणि बंदुकीवरची दुर्बीण किती ताकदीची, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बार चुकल्यास पुढे काय करावे आणि कोणता बार मुळात काढूच नये, हे सांगणारे मात्र थोडे असतात. पुढील मजकूर या दोन प्रश्नांपुरताच आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे तो प्रामुख्याने अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या उपयोगाचा आहे, आणि त्यांनीही कायद्याची बाजू आधी पाहून घ्यावी. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही; वैध शिकार-परवाना हा त्या मनाईतील अपवादांपैकी एक आहे, म्हणून परवाना हाती येईपर्यंत मित्राची रायफलही हातात घेऊ नये.

अंतराची मर्यादा घरूनच ठरवून निघावे

नेम चुकण्याची बहुतेक कारणे डोंगरात जाण्याच्या कितीतरी आधी तयार झालेली असतात. नेमबाजीच्या मैदानावर टेबलाशी बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून साधलेला नेम हा रायफलचा नेम असतो. शिकाऱ्याचा नेम किती आहे, हे त्यावरून कळत नाही. तो कळण्यासाठी आठ इंच व्यासाची कागदी बशी लावावी आणि गुडघ्यावर, मांडी घालून, पोटावर झोपून किंवा काठ्यांच्या तिवईचा आधार घेऊन, म्हणजे डोंगरात प्रत्यक्ष मिळतील अशाच बैठकांतून, तिच्यावर गोळ्या झाडाव्यात. आधी शे-दीडशे पावले पळून यावे, म्हणजे छाती धपापत असताना हात किती हलतो तेही कळते. एल्क बहुधा आठ ते दहा हजार फूट उंचीवर भेटतो आणि तेथे सपाटीवरून आलेल्या माणसाचा श्वास नुसत्या चढणीनेच फुलतो. ज्या अंतरावर अशा बैठकीतून एकही गोळी बशीबाहेर जात नाही, ते त्या बैठकीपुरते आपले अंतर समजावे. गुडघ्यावरून ते १२० यार्ड (यार्ड मीटरहून थोडा कमी) आणि झोपून २५० यार्ड निघाले, तर दोन्ही आकडे कागदावर लिहून रायफलच्या दस्त्याला चिकटवावेत.

प्रौढ एल्कच्या छातीतील वर्माची जागा, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसे मिळून, चौदा-पंधरा इंचांची असते. मग बशी आठच इंचांची का, असे विचारले जाते. उरलेले इंच वारा, उतार, थंडीने बधिरलेली बोटे आणि अंतराचा चुकलेला अंदाज यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसातून सुटलेली १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी २०० यार्डांवर नेमकी बसेल अशी दुर्बीण जुळवली, तर ती ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच आणि ४०० यार्डांवर सुमारे दोन फूट खाली जाते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला ३०० यार्डांवर सात-एक इंच बाजूला नेतो. गोळीच्या पतनाचा आकडा तक्त्यातून मिळतो; दरीपलीकडे वारा किती आहे हे मात्र कोणताही तक्ता सांगत नाही. शिवाय ४०० यार्ड कापायला गोळीला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात एल्कने एक पाऊल पुढे टाकले, तर फुफ्फुसावर धरलेला नेम पोटात जाऊन बसतो. हा दोष नेमबाजाच्या कौशल्याने दूर होत नाही. दूर अंतरावरची शिकार मिरवण्याची जी चढाओढ अलीकडे वाढली आहे, तिच्याविषयी माझे मत म्हणूनच प्रतिकूल आहे: सरावात ज्यावर नेम धरतात तो लोखंडी पत्रा पाऊल उचलत नाही.

कोलोरॅडोचे नियम एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यासाची आणि ८५ ग्रेन वजनाची गोळी मागतात. परवाना घेणाऱ्याला दरवर्षी नेमाची परीक्षा मात्र द्यावी लागत नाही. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफल घेऊन निघणाऱ्याला दरवर्षी १०० मीटरवरील रेनडिअरच्या आकृतीवर पाच गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात आणि पाचही ठरलेल्या वर्तुळात बसाव्या लागतात. जेथे अशी सक्ती नाही, तेथे शिकाऱ्याने ती स्वतःवर घालून घेण्यास काय हरकत आहे?

एक दोष मैदानावरच शोधून काढावा लागतो, तो म्हणजे दचकणे. धक्क्याच्या आणि आवाजाच्या धास्तीने गोळी सुटण्याच्या क्षणभर आधीच खांदा पुढे येतो, डोळा मिटतो आणि चाप हिसकला जातो. रायफलच्या धक्क्यात हे झाकून जाते, म्हणून सोबत्याने आपल्या नकळत मधूनच एखादे निकामी काडतूस भरून द्यावे. चाप ओढताच बार न होता नळी खाली झुकली, तर दोष उघडा पडतो. उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे. रिकाम्या रायफलीचा चाप घरी रोज थोडा वेळ सावकाश ओढावा, मैदानावर हलक्या धक्क्याच्या पॉइंट टू-टू रायफलीने पुष्कळ गोळ्या झाडाव्यात, कानांचे संरक्षण कधीही टाळू नये. जास्त जोराच्या मॅग्नम काडतुसाचा धक्का सोसत नसेल, तर मध्यम ताकदीची साधी थ्री-झिरो-एट घेण्यात कमीपणा मानू नये. घाबरत झाडलेल्या मोठ्या गोळीपेक्षा निर्धास्तपणे झाडलेली मध्यम गोळी एल्कला लवकर पाडते.

छाती धडधडू लागल्यावर

जनावर समोर आल्यावर हात थरथरणे, तोंड कोरडे पडणे आणि दृष्टी आखडून फक्त शिंगांवर खिळणे, या अवस्थेला अमेरिकी शिकारी ‘बक फीवर’ म्हणतात. ॲड्रिनलिनमुळे नाडी वाढते आणि बोटांच्या बारीक हालचालींवरचा ताबा सुटतो. अनुभवी शिकाऱ्यांनाही ही अवस्था चुकत नाही. घाबरू नये असे स्वतःला बजावून उपयोग होत नाही. उपयोग होतो तो आधीपासून अंगवळणी पाडलेल्या क्रमाचा, कारण धांदलीत माणूस विचार करीत नाही, सवयीने वागतो.

क्रम असा ठेवावा. नर मारायचा आहे आणि तो परवान्यात बसणारा आहे, हे एकदा ठरले की शिंगांकडे पुन्हा पाहू नये. नजर पुढच्या पायाच्या मागील घडीवर न्यावी आणि तेथील केसांचा एक पुंजका निवडून त्यावरच ठेवावी. दुर्बिणीची ताकद कमीवर आणावी. ती जास्त असली तर जनावर सापडत नाही आणि सापडले तरी आपल्या हाताची थरथर दसपट होऊन दिसते, त्यामुळे घाबरगुंडी वाढते. आधार शोधावा: पाठीवरची पिशवी, ओंडका, काठ्या, काहीही चालेल, फक्त नळी कठीण वस्तूवर टेकवू नये, लाकडी पुढा टेकवावा, नाहीतर गोळी भलतीकडे जाते. नाकाने खोल श्वास घेऊन तोंडाने तो सावकाश, घेतला त्याच्या दुप्पट वेळात सोडावा. असे तीनदा केल्यावर अर्धा श्वास सोडून थांबावे आणि सहा-सात सेकंदांत चाप हळूहळू ओढावा. तेवढ्यात नेम स्थिर झाला नाही, तर श्वास कोंडून ताणू नये, कारण दृष्टी अंधुक होऊ लागते. पुन्हा श्वास घ्यावा. एवढ्यात एल्क निघून गेला तर गेला.

आपण ठरवलेला क्रम मनातल्या मनात शब्दांनी म्हणत राहावे: आधार, श्वास, जागा, मागे काय, चाप. यातील ‘मागे काय’ हा शब्द धांदलीत सर्वांत आधी गळतो. एल्क कळपाने राहतात आणि छातीतून आरपार गेलेली गोळी मागच्या मादीच्या पोटात शिरू शकते. कड्याच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर तर गोळी कधीच झाडू नये. ती पलीकडच्या उतारावर कोठे उतरेल हे कळत नाही.

कोणता बार काढू नये

जनावर पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरावा. ते आपल्यापासून तिरपे तोंड फिरवून असेल, तर पलीकडच्या खांद्यातून गोळी बाहेर पडेल अशी रेघ मनात ओढून तीवर धरावा. नवख्या शिकाऱ्याने या दोन स्थितींपलीकडे जाऊ नये. डोक्यावर धरलेली गोळी चार इंच चुकली तर जबडा फुटतो आणि जनावर कित्येक दिवस उपाशी राहून मरते. मागच्या बाजूने झाडलेली गोळी आतडी आणि मांडीचे मांस दोन्ही नासवते. पळत्या एल्कवर, दाट झाडीतून दिसणाऱ्या तुकड्यावर, आणि ठरवून आणलेल्या अंतराच्या पुढे गोळी झाडू नये. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते; पण त्या शेवटच्या उजेडात बार काढणाऱ्याने पुढचा माग टॉर्चच्या प्रकाशात काढण्याची तयारी ठेवली पाहिजे.

जायबंदी जनावर सोडून देण्याचे परिणाम भारतीय वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. एल्क सहसा माणसावर उलटत नाही. तो दोन खोरी ओलांडून एकटा मरतो, एवढाच फरक.

बार झाल्यानंतर

गोळी सुटताच दुर्बिणीतून डोळा काढू नये आणि ताबडतोब दुसरे काडतूस नळीत घ्यावे. एल्क प्रचंड अंगाचा असल्यामुळे दोन्ही फुफ्फुसांतून गोळी गेली तरी काही क्षण जणू काहीच झाले नाही असा उभा राहतो, आणि नवखा शिकारी नेमक्या याच क्षणी नेम चुकला असे समजतो. उभा असेल, नेम साफ असेल आणि मागे काही नसेल, तर दुसरी गोळी झाडावी. पहिलीचे कौतुक नंतर करता येईल.

तो निघून गेला, तर आपल्या जागेवरून हलण्याआधी दोन खुणा पक्क्या कराव्यात: तो उभा होता ते ठिकाण आणि तो दिसेनासा झाला ते ठिकाण. फोनवर त्या दिशेचे छायाचित्र घ्यावे, आपल्या जागेवर रंगीत फीत बांधावी. दरी ओलांडून पलीकडे गेल्यावर सगळी झाडे सारखीच दिसतात. मग किमान अर्धा तास बसून राहावे.

चुकलेला बार खरोखर चुकला होता, हे जमिनीवरून सिद्ध होईपर्यंत तो लागला असेच धरून चालावे. कोलोरॅडोत जखमी जनावराचा माग काढण्याचा वाजवी प्रयत्न न करणे हा गुन्हाही आहे. उभे असलेल्या जागी केस, रक्त, हाडाचा कण, खुरांनी उकरलेली माती शोधावी. फिकट लाल, बुडबुडे असलेले रक्त फुफ्फुसाचे. असे जनावर बहुधा शंभर-दीडशे यार्डांत पडलेले मिळते. गडद, काळपट रक्त यकृताचे असू शकते. तेव्हा तीन-चार तास थांबावे. हिरवट, उग्र वासाचा, चारा मिसळलेला द्रव दिसला तर गोळी पोटात गेली आहे, आणि सहा-आठ तास त्या बाजूला फिरकू नये, कारण हुसकावलेला एल्क मैलोगणती चालतो, न हुसकावलेला जवळच्या झाडीत बसतो. बर्फ पडू लागले असेल तर माग पुसला जाण्याआधी निघावे लागते; तेथे कोणताही नियम पुरा पडत नाही आणि स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा लागतो.

माग काढताना रक्तावरून चालू नये, त्याच्या बाजूने चालावे, आणि प्रत्येक थेंबाशी कागदाचा तुकडा ठेवावा. मागे वळून पाहिले की कागदांची रेघ जनावराची दिशा सांगते. रक्त संपले, तर शेवटच्या खुणेपासून दोघांनी जमिनीचे चौकोन पाडून शोधावे, पाण्याच्या आणि उताराच्या दिशेला आधी. काहीच सापडले नाही, तरी तो शोध दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा करावा. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातील शिकार-व्यवस्थेत रक्त सांडलेले जनावर सापडले नाही तरी त्याचे पूर्ण शुल्क भरावे लागते. कोलोरॅडोतही अनेक जुने शिकारी जखमी करून गमावलेल्या एल्कवर आपला परवाना खर्ची पडला असे मानून त्या हंगामात दुसरी गोळी झाडत नाहीत, आणि मला हेच योग्य वाटते.

नेम खरोखरच हुकला असेल, तर त्याच दिवशी सुरक्षित मातीच्या बांधावर १०० यार्डांवर कागद लावून थंड नळीतून एक गोळी झाडून पाहावी. ती जागच्या जागी बसली तर चूक हाताची. बाजूला गेली, तर दुर्बिणीचे स्क्रू तपासावेत, घोड्यावरून किंवा विमानातून येताना तिला धक्का बसला का ते आठवावे, आणि ती पुन्हा जुळवून तीन गोळ्या एका जागी बसेपर्यंत जंगलात परतू नये.